लिस्बन पायी: एका भूकंपाने दोन भागांत कापलेलं शहर

"युरोपातलं एखादं शहर चालत कसं बघायचं यावर बोल ना," असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, तर हा भाग त्याचाच. ऑडिओमध्ये पोर्तुगीज नावं माझ्या तोंडून जरा वाकडीतिकडी आली आहेत, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहून काढतोय. दुसऱ्या टॅबमध्ये नकाशा उघडा आणि वाचा, जास्त मजा येईल.

शहर आहे लिस्बन. ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे तिथे होतो आणि संध्याकाळ झाली की चालायला निघायचो. पॅरिस किंवा रोमवर न बोलता लिस्बन का? एक तर हे शहर समजायला एकच तारीख पुरते. आणि दुसरं, आपल्या कोकणाचा, मुंबईचा, गोव्याचा इतिहास तिथे अक्षरशः दगडात खोदून ठेवलाय. आपण तिथे पाहुणे असतो, पण पूर्ण अनोळखी नसतो.

ती तारीख म्हणजे १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या पुढे, चर्चं माणसांनी भरलेली, आत मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला. आजचे अंदाज ८.५ ते ९ तीव्रतेचे आहेत. लोक पडणाऱ्या घरांपासून लांब, नदीकाठच्या मोकळ्या जागेत पळाले. तिथे तेजो नदीचं पाणी आधी मागे सरकलं आणि मग साधारण पाऊण तासाने त्सुनामी आत आली. पडलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आग लागली, ती पुढे कित्येक दिवस जळत राहिली. म्हणजे पडझडीतून वाचला त्याला पाण्याने गाठलं, पाण्यातून वाचला त्याला आगीने. हजारो माणसं गेली. नक्की किती, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही.

आता ही तारीख डोक्यात ठेवा आणि चालायला लागा. लिस्बनमधली कुठलीही गल्ली बघताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: ही १७५५ च्या आधीची की नंतरची? निम्मं शहर तिथेच उलगडतं.

सुरुवात नदीकाठच्या मोठ्या चौकापासून करा. नकाशावर नाव प्रासा दो कोमेर्सियो, म्हणजे व्यापाराचा चौक. पण स्थानिक लोक अजूनही त्याला तेरेरो दो पासो, म्हणजे राजवाड्याचं अंगण, म्हणतात. गंमत अशी की तो राजवाडा तिथे नाही. तो १७५५ ला गेला, सोबत राजाचं प्रचंड ग्रंथालय गेलं, आणि 'काझा दा इंडिया'सुद्धा. हिंदुस्थानातून येणाऱ्या मिरी-दालचिनीचा सगळा हिशोब ठेवणारी ही कचेरी. पावणेतीनशे वर्षं होत आली तरी लोकांच्या तोंडात अंगण शिल्लक आहे. आपल्याकडे सिनेमा थिएटर पाडून मॉल बांधला तरी रिक्षावाल्याला आपण थिएटरचंच नाव सांगतो, तसंच.

चौकाच्या मधोमध घोड्यावर बसलेला राजा जोझे पहिला आहे. भूकंपाच्या वेळी तो शहराबाहेर बेलेंला होता म्हणून वाचला. पण त्याने छपराची इतकी धास्ती घेतली की उरलेलं आयुष्य तो दगडी महालात राहायला तयार नव्हता. टेकडीवर लाकडाचा आणि कापडाचा दरबार उभारून तिथेच राहिला. राज्य चालवलं त्याच्या मंत्र्याने, ज्याला पुढे मार्किश द पोंबाल ही पदवी मिळाली. हा माणूस क्रूर होता, विरोधकांना त्याने भयंकर शिक्षा दिल्या. पण संकटात काम कसं करायचं हे त्याला कळत होतं. त्याने प्रत्येक पॅरिशला एक प्रश्नावली पाठवली: हादरा किती वेळ टिकला, नंतर किती धक्के बसले, समुद्राचं पाणी आधी चढलं की उतरलं, किती घरं पडली. आख्खा युरोप 'हा देवाचा कोप का' यावर वाद घालत असताना हा गडी डेटा गोळा करत होता! भूकंपशास्त्राच्या इतिहासात त्या कागदांना आजही मान आहे.

कमानीखालून आत गेलात की बायशा हा भाग लागतो, म्हणजे 'खालचं' शहर. इथे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. भूकंपानंतर मानुएल दा माइया नावाच्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या इंजिनिअरने सरकारपुढे पर्याय ठेवले: होतं तसं परत बांधायचं, रस्ते रुंद करून बांधायचं, सगळं सपाट करून नवीन आखायचं, किंवा शहरच दुसरीकडे हलवायचं. निवडला गेला तो 'सपाट करून नवीन'वाला. आमच्या धंद्याच्या भाषेत फुल रीराइट. रस्त्यांना नावं धंद्यांची दिली. चांदीवाल्यांचा रस्ता, सोनारांचा रस्ता, चांभारांचा रस्ता, खोगीरवाल्यांचा रस्ता. पुण्यातल्या तांबट आळी, बुरुड आळीसारखंच, फक्त आळ्या काटकोनात.

बायशामधल्या इमारती बाहेरून एकसारख्या आणि खरं सांगायचं तर जरा कंटाळवाण्या दिसतात. बरेच पर्यटक दहा मिनिटांत हा भाग पार करून पुढे जातात. पण इथली खरी गोष्ट भिंतीच्या आत आहे. तिचं नाव गायोला, अर्थ पिंजरा. दगड-चुन्याच्या भिंतीच्या पोटात लाकडाची चौकट असते, आणि प्रत्येक चौकोनात तिरक्या लाकडांची फुली. का? तर नुसत्या दगडाच्या भिंतीला वरून भार चालतो, पण बाजूने हिसका बसला की ती फुटते. नुसती चौकोनी चौकटही हिसका बसला की तिरकी होते. वहीच्या पुठ्ठ्याची चौकट करून बघा, बोटाने ढकलली की लगेच कलते. तिच्यात फुली घाला, मग हलणार नाही, कारण त्रिकोणाचा आकार बाजूंची लांबी बदलल्याशिवाय बदलत नाही. शिवाय लाकूड थोडं वाकतं आणि सांधे घासतात, त्यात भूकंपाची बरीच ताकद जिरते. दगड निखळला तरी पिंजरा उभा राहावा, आतली माणसं जिवंत राहावीत, हा हिशोब. असं सांगतात की याचा नमुना चौकात उभारून त्याच्याभोवती सैनिकांना धाडधाड पाय आपटत चालायला लावलं होतं. तो त्या काळचा लोड टेस्ट!

खाली जमीन भुसभुशीत, नदीचा गाळ. म्हणून पायाखाली पाइनच्या लाकडाचे खुंट ठोकलेत. लाकूड सतत पाण्याखाली असेल तर कुजत नाही; कुजतं ते कधी ओलं, कधी कोरडं झालं की. म्हणजे बायशाचा पाया टिकायचा असेल तर जमिनीतलं पाणी उतरता कामा नये. खोगीरवाल्यांच्या रस्त्यावर एका बँकेच्या तळघरात छोटं उत्खनन-संग्रहालय आहे, तिथे हे खुंट बघायला मिळतात. आणि त्यांच्याही खाली मासे खारवायच्या रोमन टाक्या! एका तळघरात दोन हजार वर्षं.

हा सगळा इतिहास झाला असं वाटत असेल तर थांबा. गेल्या शतकभरात यातल्या बऱ्याच इमारतींमध्ये दुकानं मोठी करायला तळमजल्याच्या भिंती काढल्या गेल्या, वर जादा मजले चढले. पिंजऱ्याची खालची गजंच कापली म्हणा ना. आणि जमीन काही झोपलेली नाही. २६ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे ५.३ तीव्रतेच्या धक्क्याने लिस्बन जागं झालं. नुकसान झालं नाही, पण तिथले इंजिनिअर हा विषय सोडत का नाहीत, हे त्या दिवशी बऱ्याच लोकांना कळलं असणार.

बायशामधून शियादो मार्गे चढून कार्मोच्या चौकात या. सांता जुश्टाची लोखंडी लिफ्ट (१९०२ सालची) फोटोत छान दिसते, पण तिच्या रांगेत तास घालवण्यापेक्षा पायी चढा, दहा मिनिटं लागतात. कार्मोचं चर्च भूकंपात छप्पर गमावून बसलं आणि ते छप्पर परत पूर्ण केलंच नाही. उंच कमानी आहेत, आणि त्यांच्यामध्ये सरळ आकाश. १७५५ म्हणजे काय हे एका जागी उभं राहून समजून घ्यायचं असेल तर इथे उभं राहा.

त्याच चौकात शेजारी एक साधी बराक आहे, पहारेकरी उभा असतो. २५ एप्रिल १९७४ ला तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली, तेव्हा पंतप्रधान मार्सेलो काएतानो या बराकीत लपला होता. कॅप्टन साल्गेरो माइयाने तिला वेढा घातला, चौक माणसांनी भरला, आणि संध्याकाळी काएतानोने सत्ता सोडली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोचली, म्हणून ती कार्नेशन क्रांती. आता यात आपलं काय? गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पण लिस्बनच्या सरकारने ते मान्यच केलं नव्हतं. १३ वर्षं कागदावर गोवा त्यांचाच होता. या चौकात ते सरकार पडलं आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताचे आहेत हे मान्य केलं. गाईड इथे फुलांची गोष्ट सांगतात. गोव्याची आपली आपणच आठवायची.

चढ-उताराबद्दल एक सांगतो. लिस्बनमध्ये उतारावर चालणाऱ्या केबलच्या गाड्या आहेत: एका केबलला दोन डबे, एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो, दोघं एकमेकांना तोलतात. ३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरियाच्या चढावरची केबल सुटली, डबा खाली घसरत जाऊन आदळला आणि १६ माणसं गेली. हे डबे आपल्यासाठी फोटो, पण तिथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी रोजचा रस्ता. आपले गुडघे धड आहेत, तर चालावं.

आणि चालताना बूट नीट घाला हो. फुटपाथ भर छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांची नक्षी आहे, कालसादा म्हणतात. दिसायला अप्रतिम, पण पावसाचे चार थेंब पडले की साबण. (साबण हा शब्दही त्यांचाच बरं का, साबाओ. किराणा दुकानात फिरा: पाव, अननस, कोबी, सगळे ओळखीचे भेटतात. चावीला ते शाव म्हणतात.)

कार्मोवरून उतरलात की रोसियो चौक. लाटांच्या नक्षीचा फुटपाथ, कारंजी, नॅशनल थिएटर. ते थिएटर जिथे आहे तिथे पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. गोव्यात १५६० मध्ये जे इन्क्विझिशन सुरू झालं, ते याच यंत्रणेचं. बाजूच्या छोट्या चौकात साओ दोमिंगोशचं चर्च आहे, आत नक्की जा. १९५९ मध्ये आत आग लागली होती आणि दुरुस्ती करताना जळके, तडकलेले खांब तसेच ठेवले. बाहेर १५०६ च्या कत्तलीचं स्मारक आहे. बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची कत्तल या चर्चमधून सुरू झाली होती. स्मारक उभं राहिलं २००८ मध्ये. पाचशे वर्षांनी. याच चौकात चेरीच्या दारूचं इवलंसं दुकान आहे आणि त्याच्यापुढे नेहमी गर्दी, आणि कडेला गप्पा मारत बसलेले आफ्रिकन वंशाचे लोक. हसणं आणि स्मारक एकाच जागी. मला ते विचित्र वाटलं नाही, बरं वाटलं.

पुढे मार्तीं मोनीझ चौक आणि मोरारिया. ११४७ मध्ये आफोन्सो एन्रिकेशने शहर मुस्लिम राज्यकर्त्यांकडून जिंकलं, त्यानंतर उरलेल्या मुस्लिमांना किल्ल्याच्या भिंतीबाहेर ही वस्ती दिली, म्हणून 'मूरांची' ती मोरारिया. फादो हे तिथलं दर्दभरं गाणं याच गल्ल्यांमधलं. आज तुम्हाला इथे बांगलादेशी किराणा, नेपाळी हॉटेलं, पंजाबी पाट्या दिसतील. कोथिंबीर, मेथी, मोहरी, सगळं मिळतं. दोन आठवडे उकडलेल्या बटाट्यांवर काढल्यावर इथे मिळालेल्या डाळ-भाताबद्दल मी वेगळा भाग करू शकतो. काही लोक 'तिकडे जाऊ नका' सांगतात. मी संध्याकाळीही आरामात फिरलो. खिसेकापूंची खरी भीती २८ नंबरच्या खच्चून भरलेल्या ट्राममध्ये आहे. त्यापेक्षा तिच्या रुळांच्या कडेने चाला, तीच दृश्यं दिसतात.

मोरारियातून किल्ल्याच्या बाजूने चढून सांता लुझियाला या. किल्ला लांबून बघितला तरी चालेल, माझं मत. त्यातलं बरंचसं १९४० च्या आसपास 'किल्ला असा दिसायला हवा' या हिशोबाने परत बांधलंय. सांता लुझियाच्या भिंतीवर मात्र निळ्या टाइल्समध्ये एक चित्र आहे: तोच नदीकाठचा चौक, भूकंपाच्या आधीचा, राजवाड्यासकट. सकाळी रिकामं अंगण बघितलं आणि दुपारी इथे ते भरलेलं बघायचं.

खाली पसरलेली वस्ती म्हणजे आल्फामा. नाव अरबी, गरम झऱ्यांवरून. भूकंपात ही टेकडी तुलनेने वाचली, म्हणून १७५५ च्या आधीचं लिस्बन कसं होतं ते इथे कळतं. हा लेगसी कोड! कुठली पायरी कुठे जाते याचं डॉक्युमेंटेशन नाही, काढून टाकायची कुणाची हिंमत नाही. दोन हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात, जीपीएस वेडं होतं. इथे नकाशा बंद करा आणि फक्त उतारावर चालत राहा, नदी लागतेच.

चालताना दारांजवळ एक छोटी पाटी दिसेल, त्यावर दोन अक्षरं: ए आणि एल. म्हणजे हे घर पर्यटकांना रोजच्या भाड्याने देण्यासाठी नोंदलेलं आहे. एका गल्लीत मी मोजत गेलो आणि सतराव्या पाटीला थांबलो. पाटी नसलेल्या दारांपुढे कपडे वाळत होते, कुंड्या होत्या, एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पाटीवाल्या दारांपुढे आकड्यांचं कुलूप असलेली चावीची डबी आणि चाकांच्या बॅगांचा खडखडाट. भूकंपाला जे जमलं नाही ते भाड्याने जमवलं, असं तिथे राहणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याने सांगितलं. त्याचे आईवडील आल्फामातून आता नदीपलीकडे राहायला गेलेत. सरकारने अलीकडे नव्या परवान्यांवर बंधनं आणायचे प्रयत्न केले, त्यावर तिथे अजून भांडणं चालू आहेत. आपण पर्यटक यात बाजूला उभे नाही. निदान राहायची जागा निवडताना हॉटेल की कुणाचं तरी घर, एवढा प्रश्न तरी पडावा.

उतरून नदीच्या जवळ आलात की चफारीझ द एल-रेय, राजाचं पाणवठ्याचं ठिकाण, लागतं. गाईडबुकात याला दोन ओळी असतात. मी इथे सगळ्यात जास्त वेळ थांबलो. १६ व्या शतकात शहराने इथे नियम केला की सहा तोट्यांपैकी कुठल्या तोटीवर कुणी पाणी भरायचं. एक काळ्या, मिश्र वंशाच्या आणि हिंदी पुरुषांसाठी, एक गलबतांवर राबणाऱ्या मूरांसाठी, दोन गोऱ्या पुरुषांसाठी, मग बायकांच्या वेगळ्या, त्यातही गोऱ्या आणि इतर अशी वाटणी. हो, हिंदी. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून नेलेले लोक इथे घडे घेऊन उभे असणार. महाडचं चवदार तळं माहीत असलेल्या माणसाला हे समजायला गाईड लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बेलेंला जा. चौकापासून नदीकाठाने सहा-सात किलोमीटर, सपाट रस्ता. जेरोनिमोश मठ १५०१ मध्ये सुरू झाला आणि तो बांधायला पैसा आला मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून. दारातून आत शिरल्या शिरल्या वास्को द गामाची समाधी. तो मेला १५२४ मध्ये कोचीला, तिथेच पुरला, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले आणि १८८० मध्ये या मठात आणले. लोक समाधीसोबत सेल्फी काढत होते. शाळेत आपण 'भारताचा शोध लावला' असं पाठ केलं होतं. तिथे उभं राहिलं की ते वाक्य कुणाच्या बाजूने लिहिलंय हे कळतं.

माझं मन मात्र पुढे बेलेंच्या बुरुजावर रमलं. पश्चिमेकडच्या एका छोट्या टेहळणी-बुरुजाच्या तळाशी एका गेंड्याचं डोकं कोरलंय. पावसापाण्याने झिजलंय, शोधावं लागतं. गुजरातच्या सुलतानाने तो गेंडा पोर्तुगीजांना भेट दिला, १५१५ च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजावर चढला आणि २० मे ला लिस्बनला उतरला. युरोपने रोमन काळानंतर जिवंत गेंडा बघितलाच नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. जर्मनीत ड्यूररने न बघताच, वर्णन आणि रेखाटनावरून त्याचं चित्र छापलं आणि ते जगभर गाजलं. पुढच्या वर्षी पोपला भेट म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. गेंडा साखळीने बांधलेला होता. लिस्बनमध्ये त्याला म्हणायचे 'गांदा'. आपलाच शब्द, त्याच्याबरोबर गेलेला.

बुरुजात शिरायला मोठी रांग असेल तर काळजी करू नका, काठावरून दिसतो तो. मोबाईलचा झूम वापरा आणि सापडला की फोटो मला पाठवा. पुढच्या भागात भेटू, तोपर्यंत चालत राहा!